अप्पर डेपोच्या थोडं अलीकडे

उघड्या चेंबरमध्ये कुणीतरी कडुलिंबाची फांदी खोचून ठेवली होती. फांदीच्या टोकाला लाल चिंधी. रात्री पाऊस पडून गेला होता आणि पुण्यातल्या बिबवेवाडीतून अप्पर डेपोकडे चढणाऱ्या रस्त्यावर सकाळची घाई सुरू झाली होती. पीएमपीची बस, शाळेच्या व्हॅन, व्हीआयटी कॉलेजकडे निघालेली मुलं, मार्केट यार्डातून भाजी भरून आलेले टेंपो, सगळे त्या फांदीला वळसा घालून पुढे जात होते. चेंबरचं झाकण एका बाजूनं आत गेलं होतं आणि भोवतीच्या डांबराला गोल भेग पडली होती. फांदी कुणी लावली, असं जवळच्या चहाच्या टपरीवर विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मागून येणारा पडू नये एवढं बघून तो माणूस कामाला निघून गेला असणार.

चांगल्या तक्रारीला जे लागतं ते जवळजवळ सगळं त्या फांदीत आहे. जागा अचूक आहे, धोका लांबून कळतो, आणि तो कळायला वाचता यावं लागत नाही. फक्त ती महापालिकेपर्यंत पोचत नाही.

एका अंकासाठी संपादकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर लिहायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली: प्रयोगशाळेतलं नको, घराबाहेर पडल्यावर दिसेल ते हवं. म्हणून मी बिबवेवाडीत आले. इथं एकाच चढावर निम्मं पुणं भेटतं. खाली सातारा रस्ता आणि मार्केट यार्ड, मध्ये जुने बंगले आणि सहकारी सोसायट्या, वर ओटा योजनेतली, म्हणजे मिळालेल्या ओट्यावर ज्याची त्यानं बांधलेली घरं, लोअर, अप्पर आणि सुपर इंदिरानगर, आणि कोंढव्याच्या बाजूला उंच इमारती. दिवा गेला, ड्रेनेज तुंबलं, रस्ता खचला, तर यातला प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेनं ते सांगतो. सोसायटीचा सचिव ई-मेल करतो, कुणी ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन लावतो, कुणी फांदी खोचतो. या सगळ्यांचं म्हणणं यंत्राला कळतं का, आणि कळून पुढे काय होतं, हे मला बघायचं होतं.

‘लाईन फुटलीय’ म्हणजे कुठली?

फुटपाथवर उभी राहून मी फोनमधल्या एका एआय मदतनिसाला इथले लोक सांगतात तसंच सांगितलं, ‘अप्पर डेपोच्या थोडं अलीकडे चेंबर खचलंय, गाड्या घसरतायत, लवकर बघा.’ काही क्षणांत दोन परिच्छेदांचं पत्र तयार. विषय, महोदय, आपली विश्वासू, सगळं जागच्या जागी. ज्यांना अर्ज लिहायची धास्ती वाटते अशा माणसांसाठी ही मदत लहान नाही. आयुष्यभर काम करून, घर चालवून, मुलं शिकवूनही ‘महोदय’च्या पुढे काय लिहायचं या विचारानं थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या तोंडचं वाक्य यंत्र कागदावर आणतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण पत्र पुन्हा वाचलं. त्यात ‘गेल्या अनेक दिवसांपासून’ असं होतं. मी दिवस सांगितलेच नव्हते. ‘ज्येष्ठ नागरिकांना व शाळकरी मुलांना त्रास होत आहे’ असंही होतं, तेही माझं नव्हतं. अशा पत्रांत ही वाक्यं सहसा असतात म्हणून यंत्रानं ती घातली. भाषा शिकलेलं यंत्र पुढचा शक्य तो शब्द मांडत जातं, त्यामुळे रिकामी जागा दिसली की ती भरायची त्याची सवय आहे. तक्रार म्हणजे मात्र साक्ष. साक्षीत न पाहिलेलं एक वाक्य घुसलं की पाहिलेलंही संशयास्पद होतं. जागेवर आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला पत्रातली एक गोष्ट खोटी दिसली तर पुढच्या दहा पत्रांवरचा त्याचा विश्वास उडतो. म्हणून या कामाला लावलेल्या यंत्रानं सजवून लिहू नये, उलट प्रश्न विचारावेत. कधीपासून? झाकण आहे की नाही? पाणी वर येतंय का? कुणी पडलंय का? उत्तर मिळालं नाही तर ती जागा कोरी सोडावी.

दुसरी अडचण शब्दांची आहे, आणि ती पुस्तकी मराठी शिकून सुटणारी नाही. ‘डीपी’ घ्या. पुण्यात ‘डीपी उघडी आहे’ म्हणजे विजेची पेटी, आणि ‘डीपी रखडलाय’ म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता. ‘लाईट गेली’ हे घरातल्याबद्दल असेल तर काम महावितरणचं, खांबावरच्याबद्दल असेल तर महापालिकेच्या विद्युत विभागाचं. ‘लाईन फुटलीय’ म्हणजे पिण्याच्या पाण्याची, ड्रेनेजची की गॅसची? ‘पाणी येतंय’ हे तर आनंदानंही म्हणतात आणि वैतागूनही. माणूस आवाजावरून ओळखतो, यंत्राला विचारावं लागतं.

आणि चेंबर हा शब्द सगळ्यात फसवा. रस्त्यावरचं प्रत्येक झाकण लोकांच्या लेखी चेंबरच. खाली मैलापाण्याची वाहिनी असेल तर ते मलनिस्सारणाचं, पावसाळी गटार असेल तर काम वेगळं, व्हॉल्व्ह असेल तर पाणीपुरवठ्याचं, केबलची नळी असेल तर एखाद्या कंपनीचं. झाकणाभोवतीचं डांबर उखडलं असेल तर पथ विभागाचं. तक्रार चुकीच्या खात्यात गेली की ती ‘आमच्याकडे येत नाही’ असा शेरा घेऊन परत येते किंवा तिथंच बसून राहते. नागरिकानं खातं ओळखून तक्रार करावी ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. पायाखाली काय गाडलंय ते त्यानं कसं ओळखायचं?

इथं यंत्र खरोखर उपयोगी पडतं. माणसाच्या वाक्यातून आणि फोटोतून झाकणाचा आकार, त्यावरची अक्षरं, भोवतीचं पाणी बघून ते खातं सुचवू शकतं, आणि पूर्वी त्याच जागेची तक्रार कुठून कुठं फिरली हे सांगू शकतं. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ प्रकल्प आणि आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाचं काम यांमुळे बोललेली मराठी लिहून घेण्याची सोय आता आवाक्यात आली आहे. पण अप्परला बोलली जाणारी मराठी ही वृत्तनिवेदकाची मराठी नाही. तिच्यात सोलापूर आहे, मराठवाडा आहे, कन्नड-तेलुगूचा हेल आहे आणि निम्मे शब्द मुकादमाकडून उचललेले इंग्रजी आहेत. यंत्र शिकवायचं असेल तर इथल्याच जुन्या तक्रारी त्याला शिकवाव्या लागतील.

नगरसेवक नसलेली जवळजवळ चार वर्षं

पुणे महापालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतरचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधला सगळा काळ प्रशासकाचा. या काळात शहरात अक्षरशः एकही नगरसेवक नव्हता. याचा तक्रारीवर काय परिणाम झाला हे बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही.

नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात खुर्ची टाकून बसलेला मुलगा हा या व्यवस्थेतला खरा दुभाषा होता. ‘डेपोच्या अलीकडे’ म्हणजे कुठली गल्ली, हे त्याला माहीत. त्या गल्लीत मलनिस्सारणाचं काम कुठला अभियंता बघतो, हे माहीत. तो तक्रार घेऊन आलेल्या बाईंचं म्हणणं ऐकायचा, लेटरहेडवर चार ओळी लिहायचा आणि मुख्य म्हणजे परवा फोन करून ‘झालं का?’ विचारायचा. त्यात ओळखीपाळखी होत्या, मतांचा हिशेब होता, आपला-परका होता. तरीही एक माणूस त्या तक्रारीच्या मागे उभा असायचा. सभागृह नसलेल्या काळात माजी नगरसेवक फोन करत राहिले, पण लोकांना सांगितलं जाऊ लागलं ते ॲप, पोर्टल आणि व्हॉट्सॲप. ‘पीएमसी केअर’ आधीपासून होतंच. २०२५ च्या पावसाळ्यात खड्ड्यांसाठी ‘पीएमसी रोड मित्र’ हे वेगळं ॲप आलं. खड्ड्यासमोर उभं राहून फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत आपोआप जातात आणि तक्रार त्या भागाच्या अभियंत्याकडे पोचते. पत्ता लिहिता न येण्याची अडचण या पद्धतीत बऱ्यापैकी सुटते.

बऱ्यापैकी म्हणते, कारण फोटो त्याच जागी उभं राहून काढला तरच हे जमतं. घरी येऊन व्हॉट्सॲपवर शेजाऱ्याला पाठवलेल्या फोटोतली जागेची माहिती वाटेत गळून पडते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना तीन मजले, अशा ठिकाणी फोनला उपग्रह नीट दिसत नाहीत आणि खूण पाच-दहा मीटर सरकते. सपाट वस्तीत तेवढ्यानं बिघडत नाही. चढावरच्या वस्तीत पाच मीटर म्हणजे पायऱ्यांच्या खालची गल्ली की वरची, एवढा फरक. म्हणून अक्षांश-रेखांशाच्या जोडीला ‘डेपोच्या अलीकडे’ हे शब्दही हवेतच. लोकांच्या खुणांना कमी लेखून पत्ता सापडत नाही.

पुण्याला तक्रारीची परंपरा नवी नाही. २ एप्रिल १८७० ला इथं सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभासद होण्यासाठी अट घातली होती, की लोकांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र हवं. सरकारनं ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं तर दाखवायला लोकांच्या सह्या असाव्यात, हा त्यामागचा विचार. तक्रारीला बळ येतं ते तिच्यामागे किती माणसं आहेत यावरून. ॲपवर मात्र प्रत्येक जण एकटा असतो. आपल्या आधी त्याच खड्ड्याबद्दल कितीजण बोलले, हे त्याला अनेकदा दिसतही नाही.

फोटोतला खड्डा

यंत्राला खड्डा ‘दिसतो’ तो हजारो फोटो दाखवून शिकवल्यावर. जपानमध्ये टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या काचेमागे फोन लावून रस्त्यांचे फोटो जमवले, प्रत्येक भेगेवर, खड्ड्यावर चौकट काढून तिला नाव दिलं आणि २०१८ मध्ये तो संग्रह प्रसिद्ध केला. पुढे त्या संग्रहात भारताचे आणि चेक प्रजासत्ताकाचे फोटो मिळवून २०२० ची आवृत्ती झाली, २६,३३६ फोटोंची. त्या कामात आयआयटी रुरकीचा मोठा वाटा होता. लांबीची भेग, आडवी भेग, मगरीच्या कातडीसारखी जाळीदार भेग आणि खड्डा, असे मुख्य चार प्रकार त्यात आहेत. खड्ड्याचा संकेत ‘डी४०’. रस्त्यांची तपासणी करणारी जगभरातली अनेक यंत्रं हाच संग्रह गिरवून शिकली आहेत.

त्यातले भारतातले फोटो दिल्ली, गुरुग्राम, हरियाणाचे आहेत. आता बिबवेवाडीत जुलै महिन्यात उभं राहून बघा. खड्डा दिसतच नाही. दिसतं ते पाणी, आणि पाण्यात आकाश. एक फूट खोल आहे की दोन इंच, हे माणसालाही पाय घातल्याशिवाय कळत नाही. पेव्हर ब्लॉक खचून झालेला खळगा वेगळा दिसतो. खोदाईनंतर नुसता मुरूम टाकून बुजवलेली चरी तर खड्ड्याच्या कुठल्याच साच्यात बसत नाही, आणि दुचाकी तिच्यातच सरकते. आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकात उतरणारा रस्ता घ्या. तिथल्या तीव्र उतारावर अवजड वाहनांचे अपघात झालेत, माणसं गेलीत. अशा उतारावर दोन इंचांचा खळगा आणि सपाट रस्त्यावर दोन इंचांचा खळगा एकसारखे नाहीत. फोटो दोन्हीला ‘लहान’ म्हणेल. उतार, वळण, अंधार, जवळची शाळा, कामगार विमा रुग्णालयाकडे जाणारा रस्ता, हे फोटोच्या चौकटीबाहेरचं असतं, आणि धोका ठरतो तो बहुतेक त्यावरूनच. नकाशा आणि उताराची माहिती यंत्राला पुरवता येते. ती पुरवायचं ठरवायला मात्र जागा पाहिलेला माणूस लागतो.

चेंबर खचतं कसं, तेही इथं सांगायला हवं, कारण दुरुस्ती कशी करायची हे त्यावर ठरतं. रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो, रस्ता वर जातो, चेंबर खालीच राहतं. मग विटांचे थर किंवा काँक्रीटची कडी चढवून ते वर घेतात. काँक्रीटला मुरायला दिवस लागतात, तेवढा वेळ वाहतूक थांबवून ठेवणं वर्दळीच्या रस्त्यावर कठीण, म्हणून कच्च्यावरच चाक जातं. कड फुटते, पाणी आत शिरतं, भोवतीची माती धुऊन नेतं आणि डांबराखाली पोकळी तयार होते. वरून रस्ता धड दिसतो. एक दिवस ट्रक जातो आणि झाकण खाली बसतं. पाण्याशी डांबराचं जन्माचं वैर. खडीवरचं डांबर पाणी सोडवतं, चाक ती खडी उडवतं, आणि वाटीएवढा खड्डा आठवड्यात परातीएवढा होतो. म्हणून पहिल्या आठवड्यातली तक्रार आणि पाचव्या आठवड्यातली तक्रार यांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक असतो. लवकर कळवणं सोपं करणारं कुठलंही साधन त्यामुळे मोलाचं आहे.

ज्यांचे फोन गप्प आहेत

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरानं २०१२ मध्ये ‘स्ट्रीट बंप’ नावाचं ॲप आणलं. गाडीत फोन ठेवायचा, खड्ड्यात चाक आदळलं की फोनला धक्का कळतो आणि जागा आपोआप नोंदली जाते. कुणी काही लिहायची गरज नाही. कल्पना सुंदर होती. मात्र लवकरच लक्षात आलं, की स्मार्टफोन आणि गाडी असलेले लोक जिथं जास्त, तिथलेच रस्ते जास्त खराब दिसणार. गरीब आणि वृद्धांच्या वस्त्यांतले रस्ते नकाशावर गुळगुळीत ठरण्याचा धोका होता. शहरानं सरकारी वाहनांतूनही ते वापरून ही तूट भरायचा प्रयत्न केला.

बिबवेवाडीच्या चढावर हे उदाहरण मला पावलोपावली आठवत होतं. सोसायटीच्या गटात शंभर माणसं असतात. दिवा बंद पडला की रात्रीत पाच तक्रारी जातात. ओट्यावरच्या गल्लीत फोन आहेत, पण रिचार्ज संपलेला असतो, फोन मुलाकडे असतो आणि मुलगा कामावर असतो. धुणंभांडी करणाऱ्या बाई सकाळी सहाला निघतात, त्या ॲपवर खातं कधी उघडणार? शिवाय भीतीही असते. आपण ज्या गटाराबद्दल बोलतोय ते कुणाच्या वाढीव बांधकामाखाली दबलंय हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. नाव फुटलं तर राहायचं तिथंच आहे. तक्रारदाराचं नाव आणि क्रमांक ठेकेदाराच्या हातात जाऊ नये, फोटोतले चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक आपोआप पुसले जावेत, हे काम यंत्राला सहज जमण्यासारखं आहे. ते पहिल्या दिवसापासून हवं.

आणि यंत्राला एक गोष्ट मुद्दाम शिकवायला हवी: जिथून तक्रार येत नाही तिथं सगळं ठीक आहे असं धरू नकोस. दहा गल्ल्यांतून तक्रारी आल्या आणि मधल्या एका गल्लीतून वर्षभर एकही नाही, तर आधी तिकडे माणूस पाठवावा. कचरा गोळा करणाऱ्या ताई, झाडणारे कर्मचारी, मीटर वाचणारे, पीएमपीचे चालक रोज त्याच रस्त्यानं जातात. चालता चालता फोनवर एक वाक्य बोलून नोंद करायची मुभा त्यांना दिली, तर शहराला हजारो जागते डोळे मिळतील. त्यासाठी खर्चिक यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो त्यांच्या शब्दाला मान.

तक्रारी एकत्र वाचणं ही यंत्राची आणखी एक ताकद. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली. रुग्ण मोठ्या संख्येनं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या बाजूचे होते, आणि संशय पाण्यावर गेला. पाण्याला वास येतो, पाणी गढूळ आहे, अशी एक तक्रार पाणीपुरवठ्याच्या वहीत एक ओळ असते. एकाच आठवड्यात, एकाच टाकीखालच्या गल्ल्यांतून अशा वीस ओळी आल्या तर ती धोक्याची घंटा आहे. पण वीस ओळी वीस माणसांनी, वीस शब्दांत, तीन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदवलेल्या असतात. ‘वास येतोय’, ‘पिवळं पाणी’, ‘पोराचं पोट बिघडलं’ या तिन्हींना एका धाग्यात ओवणं हे यंत्र माणसापेक्षा लवकर करेल. पुराच्या बाबतीतही तेच. बिबवेवाडीशेजारच्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या लोंढ्यात अरण्येश्वर-टांगेवाले कॉलनीत ज्यांनी माणसं गमावली, त्यांना विचारा की ओढ्यातला राडारोडा आणि अडलेलं पाणी आधी कुणाला दिसलं नव्हतं का.

एका खड्ड्याच्या वीस तक्रारी आल्या तर यंत्र त्या एकत्र करून एकच करतं. अभियंत्यासाठी ते सोयीचं आहे. मला त्यात एक धोका दिसतो. एकत्र करताना मागची वीस नावं मिटवली, तर सार्वजनिक काकांनी जपलेलं मुखत्यारपत्रच फाटतं. खड्डा एक असू दे, त्यामागची वीस माणसं वीसच मोजली जावीत, आणि काम झाल्याचं उत्तर वीसही जणांना जावं.

‘निराकरण झाले’

तक्रार करणं सोपं झालंय, यात शंका नाही. माझं म्हणणं आहे ते तक्रार बंद होण्याबद्दल. पुण्यातच नाही, कुठल्याही शहरात लोकांशी बोला. राग खड्ड्यापेक्षा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ या संदेशाचा जास्त असतो. खड्डा समोर, आणि फोनवर हा संदेश. काही वर्षांपूर्वी, एका वेगळ्या शहरात राहत असताना, घरासमोरच्या बंद दिव्याची माझी तक्रार तीन वेळा अशीच बंद झाली होती. तिसऱ्यांदा मी तक्रार करणंच सोडलं. तो दिवा त्यानंतरही कित्येक महिने बंद होता आणि नोंदीत मात्र त्या रस्त्यावर सगळं ठीक होतं. लोक गप्प होतात ते असे.

अभियंत्याची बाजूही मी समजून घेतली पाहिजे. कनिष्ठ अभियंत्याकडे मोठा भाग असतो, हाताशी माणसं मोजकी, आणि पावसात गरम डांबर बसत नाही. महापालिकेचा हॉट मिक्स प्रकल्प येरवड्याला आहे. तिथून माल भरून निघालेला डंपर सातारा रस्त्याच्या कोंडीतून इथं येईपर्यंत माल गार होऊ लागतो. भर पावसात मग कोल्ड मिक्स, पेव्हर ब्लॉक किंवा खडी टाकून वेळ भागवावी लागते. काही रस्ते दोष दायित्वाच्या मुदतीत असतात, ते ठेकेदाराकडून करून घ्यायचे असतात. त्याला पत्र जातं, तो येईपर्यंत दिवस जातात. पण वरून बघणाऱ्या पडद्यावर मोजलं जातं ते एकच: किती आल्या, किती बंद झाल्या. ज्याला बंद करण्याचेच गुण मिळतात तो बंद करतो. माणूस वाईट असावा लागत नाही.

म्हणून माझ्या मते कृत्रिम बुद्धिमत्तेची खरी जागा या टोकाला आहे. अर्ज लिहून देण्यापेक्षा तिनं बंद झालेली तक्रार तपासावी. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो एकाच जागेचे आहेत का? मागची भिंत, खांब, फलक जुळतात का? एकच ‘नंतरचा’ फोटो चार तक्रारींना लावलाय का? हे ओळखणं यंत्राच्या आवाक्यातलं काम आहे. त्याच जागेची तक्रार महिन्यात पुन्हा आली तर पहिली बंद झालीच नव्हती असं धरून ती आपोआप उघडावी. आणि काम झाल्याच्या संध्याकाळी तर सगळेच खड्डे भरलेले दिसतात. खरी परीक्षा पंधरा दिवसांनी आणि तीन पावसांनंतर असते.

ब्रिटनमध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ नावाची सोय २००७ पासून चालू आहे. तिथं प्रत्येक तक्रार सगळ्यांना नकाशावर दिसते, आणि चार आठवड्यांनी तक्रारदाराला ई-मेल येतो: ते झालं का? त्यात कसलीही अचाट बुद्धिमत्ता नाही. संपर्क कार्यालयातला तो मुलगा परवा फोन करून हेच विचारत होता. यंत्राकडून मला पहिल्यांदा हवा आहे तो हाच प्रश्न. मराठीत, फोनवर, बोलून: ‘ताई, डेपोच्या अलीकडचं ते चेंबर झालं का?’ आणि ताई ‘नाही’ म्हणाल्या तर कुठल्याही अधिकाऱ्याला ती तक्रार बंद करता येऊ नये.

४८ तास

१३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं या विषयाला वेगळं वजन दिलं. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठानं सांगितलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी लागेल. खड्डा निदर्शनास आणून दिल्यापासून ४८ तासांत त्याकडे लक्ष दिलं गेलं पाहिजे. जबाबदार अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून ती रक्कम वसूल करता येईल. महापालिकांच्या हद्दीत भरपाई ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती.

या निकालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा शब्द आहे ‘निदर्शनास’. घड्याळ चालू होतं ते कुणीतरी सांगितल्याच्या क्षणापासून. म्हणजे अप्परच्या रस्त्यावरचं ते खचलेलं चेंबर जोवर फांदीवर निभावतंय तोवर ते घड्याळ सुरूच झालेलं नाही. कुणी तारीख, वेळ, जागा आणि फोटो यांसह कळवलं की ते सुरू होतं, आणि पुढे दुर्दैवानं काही झालं तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा उरत नाही. तक्रार आता विनंती राहिलेली नाही, पुरावा झाली आहे. आणि म्हणूनच तिच्यात यंत्रानं स्वतःच्या पदरचं एकही वाक्य घालता कामा नये.

दुपारी परतताना मी त्याच चेंबरसमोर थांबले. फांदीची पानं आता कोमेजली होती. फोटो काढला, मागचा खांब चौकटीत घेतला, बोलून चार वाक्यं नोंदवली, यंत्रानं घातलेली दोन खोटी वाक्यं खोडली आणि तक्रार पाठवली. क्रमांक आला. तो वहीत लिहून ठेवला.

तुम्हीही एवढं करा. फोटो जागेवरच उभं राहून काढा. यंत्रानं लिहिलेलं पाठवण्याआधी एकदा वाचा आणि जे पाहिलं नाही ते खोडा. शेजारी ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची तक्रार त्यांच्या शब्दांत तुम्ही नोंदवा. क्रमांक आणि वेळ कागदावर उतरवून ठेवा, आणि काम न होता ती बंद झाली तर तोच क्रमांक देऊन ती पुन्हा उघडायला लावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. तिथं जाताना तो कागद सोबत न्या.